आयएल-२ ची व्हायल: विरघळवण्यापासून टी पेशी वाढवण्यापर्यंत

प्रयोगशाळेत टी पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) वाढत नाहीत म्हटलं की पहिला संशय त्यांना वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-२ (आयएल-२) या प्रथिनाच्या व्हायलवर, म्हणजे छोट्या बाटलीवर, जातो. लॉटच खराब आला असेल, असं लगेच ठरवलं जातं. बहुतेक वेळा लॉट चांगला असतो. व्हायल उघडल्यानंतरच्या पंधरा मिनिटांत प्रथिन वाया गेलेलं असतं, किंवा हिशोबात एक शून्य इकडचं तिकडे झालेलं असतं, किंवा ज्या पेशींना ते दिलं त्यांच्यावर ते पकडणारा रिसेप्टरच तयार झालेला नसतो. म्हणून या लेखात पेशींइतकीच जागा पावडर, पिपेट आणि गणिताला दिली आहे.

लेखातलं प्रथिन संशोधनासाठीचं, ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं मानवी आयएल-२ आहे. 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेली व्हायल माणसाला टोचायची नाही, कोणत्याही मात्रेत नाही. औषध म्हणून मिळणारं अल्डेसल्युकिन वेगळ्या दर्जानं बनतं, आणि तेसुद्धा केशवाहिन्यांमधून द्रव पाझरण्यासारख्या गंभीर दुष्परिणामांमुळे रुग्णालयाच्या देखरेखीखालीच देतात.

प्रथिनाची ओळख, कामापुरती

१९७६ मध्ये मॉर्गन, रसेटी आणि गॅलो यांनी दाखवलं की पीएचए या वनस्पतिजन्य द्रव्यानं चेतवलेल्या लिम्फोसाइटच्या वापरलेल्या मीडियात (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) असं काहीतरी असतं ज्यावर मानवी टी पेशी दीर्घकाळ वाढत राहतात. तेव्हा त्याला टी-सेल ग्रोथ फॅक्टर म्हणत. १९८३ मध्ये तानिगुची यांच्या गटानं त्याचं जनुक क्लोन केलं आणि जिवाणूंकडून ते बनवून घेण्याची वाट मोकळी झाली.

पक्व प्रथिन १३३ अमिनो आम्लांचं, वजन सुमारे १५.५ किलोडाल्टन. शरीरात बनणाऱ्या आयएल-२ वर तिसऱ्या जागी, थ्रिओनिनवर, साखर असते. ई. कोलायमधल्यावर ती नसते, पण कामाला तिची गरज नाही. त्यात तीन सिस्टीन आहेत. ५८ आणि १०५ यांच्यातला डायसल्फाइड बंध प्रथिनाचा आकार धरून ठेवतो. १२५ क्रमांकाचं सिस्टीन मोकळं राहतं आणि तेच त्रासाचं मूळ आहे: ते चुकीच्या जोडीदाराला चिकटतं किंवा दोन रेणू एकमेकांना जोडतं. म्हणून अल्डेसल्युकिनमध्ये त्या जागी सेरिन घातलं आहे आणि सुरुवातीचं अ‍ॅलानिन काढलं आहे. संशोधनासाठी विकली जाणारी आयएल-२ दोन्ही प्रकारची असते. तुमची कोणती, हे डेटाशीटवर पाहून वहीत लिहून ठेवा. ब्रँड बदलला की इथंही फरक पडलेला असू शकतो.

पाण्याशी या प्रथिनाचं फारसं जमत नाही. त्याचा समविद्युत बिंदू पीएच ७ च्या आसपास आहे. उदासीन द्रावणात त्याच्यावरचा एकूण विद्युतभार जवळजवळ शून्य होतो, रेणू एकमेकांना ढकलत नाहीत, गोळे होतात आणि नळीच्या भिंतीला चिकटतात. आम्लात सगळ्या रेणूंवर धन भार येतो आणि ते सुटे राहतात. पुढची विरघळवण्याची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

मात्रा ठरते रिसेप्टरवरून

आयएल-२ चा रिसेप्टर तीन तुकड्यांचा असतो: अल्फा म्हणजे सीडी२५, बीटा म्हणजे सीडी१२२ आणि गॅमा म्हणजे सीडी१३२. तिन्ही एकत्र असतील तर आयएल-२ सुमारे १० पिकोमोलर इतक्या कमी सांद्रतेलाही पकडलं जातं. फक्त बीटा आणि गॅमा असतील तर त्यासाठी सुमारे १ नॅनोमोलर लागतं, म्हणजे शंभरपट जास्त. एकटा अल्फा १० नॅनोमोलरच्या आसपास पकडतो, पण आत संदेश पाठवू शकत नाही.

आता हे बाटलीतल्या भाषेत आणू. विशिष्ट क्रियाशीलता मिलीग्रॅममागे १ कोटी आययू (आंतरराष्ट्रीय एककं, क्रियेचं माप) धरली तर १ नॅनोग्रॅम म्हणजे १० आययू. मिलीमागे १० आययू म्हणजे सुमारे ६५ पिकोमोलर. चेतवलेल्या, सीडी२५ भरपूर असलेल्या टी पेशीला तेवढं खूप झालं. मिलीमागे १०० आययू म्हणजे ६५० पिकोमोलर, आणि इथून पुढे सीडी२५ नसलेल्या एनके (नॅचरल किलर) पेशींनाही आयएल-२ जाणवू लागतं. मिलीमागे हजारोंमध्ये गेलात की ज्याच्याकडे बीटा-गॅमा आहे अशी प्रत्येक पेशी हलते.

त्यामुळे 'किती घालू' याआधी 'कोणासाठी घालतोय' हे ठरवा. साध्या टी-पेशी कल्चरला मिलीमागे ५० ते २०० आययू पुरतात. गाठीतून काढलेल्या लिम्फोसाइट वाढवण्याच्या अमेरिकी राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पद्धतीत सुरुवातीला ६००० आणि जलद वाढीच्या टप्प्यात ३००० आययू प्रति मिली वापरतात. ते आकडे वेगळ्या कामाचे आहेत. रक्तातल्या पेशींवर ते जसेच्या तसे उचलले तर दोन आठवड्यांनी प्लेटमध्ये एनके पेशींची गर्दी आणि थकलेल्या टी पेशी दिसतात.

ज्या पेशी कधी चेतवल्याच नाहीत त्यांच्यावर सीडी२५ जवळजवळ नसतं. नुसत्या रक्तातून काढलेल्या पेशींवर आयएल-२ ओतून टी पेशी वाढण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. आधी टी-सेल रिसेप्टरमधून संदेश गेला पाहिजे, मग आयएल-२. नव्यानं कल्चर शिकणाऱ्यांची सर्वात जास्त पुनरावृत्ती होणारी चूक हीच.

व्हायल उघडण्यापूर्वी

डेटाशीटवरच्या या नोंदी पाहा: लॉट नंबर, व्हायलमधलं वजन, विशिष्ट क्रियाशीलता, एंडोटॉक्सिन, कॅरियर प्रथिन (मूळ प्रथिन भिंतीला चिकटू नये म्हणून घातलेलं) आहे की नाही, आणि विरघळवायला कोणता द्रव सांगितला आहे.

यातलं एंडोटॉक्सिन हलक्यात घेऊ नका. ई. कोलायच्या भिंतीतलं हे द्रव्य मोनोसाइटला (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) नॅनोग्रॅमपेक्षाही कमी मात्रेत चेतवतं, आणि मग तुम्ही आयएल-२ चा परिणाम म्हणून जे मोजता ते दुसऱ्याच कशाचं असतं. प्रतिकारशक्तीच्या प्रयोगांसाठी मायक्रोग्रॅममागे ०.१ एंडोटॉक्सिन युनिट किंवा त्याहून कमी असलेलं घ्या. मायक्रोग्रॅममागे १ युनिट ही अनेक उत्पादकांची वरची मर्यादा असते. शुद्ध टी पेशींना ती चालून जाते, मोनोसाइट असलेल्या मिश्रणाला नाही.

गोठवून सुकवलेली पावडर साध्या तापमानाला प्रवासात काही दिवस तग धरते, म्हणून पार्सल बर्फाशिवाय आलं तर घाबरू नका. आल्या दिवशी उणे २० किंवा उणे ८० अंशांत टाका. फ्रीझर आपोआप बर्फ वितळवणारा नसावा. त्यातलं तापमान दिवसातून अनेकदा वर-खाली होतं आणि विरघळवलेल्या साठ्याला ते हळूहळू मारतं.

विरघळवण्याचा द्रव

बहुतेक ई. कोलाय आयएल-२ साठी १०० मिलिमोलर अ‍ॅसिटिक आम्ल आणि त्यात ०.१ टक्का बीएसए (बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन) हा द्रव चालतो. काही उत्पादक पीएच सांभाळून, साखर घालून पावडर सुकवतात आणि ती नुसत्या निर्जंतुक पाण्यात विरघळते. तिथं त्यांचंच ऐका. अल्डेसल्युकिनच्या औषधी व्हायलमध्ये मॅनिटॉल आणि अल्पसं सोडियम डोडेसिल सल्फेट असतं. ती इंजेक्शनच्या पाण्यातच विरघळवायची, सलाइनमध्ये नाही, कारण सलाइनमध्ये गोळे होण्याचं प्रमाण वाढतं.

१०० मिली द्रव करण्यासाठी ९० मिली कल्चर-दर्जाचं पाणी घ्या. धूर-हूडमध्ये, हातमोजे आणि चष्मा घालून त्यात ०.५७५ मिली ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल सोडा. ग्लेशियल आम्ल सुमारे १७.४ मोलर असतं, त्यावरून हा आकडा आला. नेहमी पाण्यात आम्ल, उलटं नाही. मग कमी एंडोटॉक्सिनचं १०० मिलीग्रॅम बीएसए वरून भुरभुरा आणि न ढवळता दहा मिनिटं ठेवा, ते आपसूक बुडतं. १०० मिलीपर्यंत पाणी भरून ०.२२ मायक्रॉनच्या पीईएस फिल्टरमधून गाळा. गाळणी इथंच आटोपायची. आयएल-२ घातल्यावर पुन्हा फिल्टर केलं तर पडदा मायक्रोग्रॅममधलं प्रथिन शोषून घेतो आणि खाली बीएसएचं पाणी तेवढं उरतं.

बीएसए कशासाठी? मिलीलिटरमागे काही मायक्रोग्रॅम एवढंच आयएल-२ असेल तर त्यातला मोठा भाग नळीच्या भिंतीवर जातो. बीएसए शेकडो पट जास्त असल्यानं भिंती तेच व्यापतं. आयएल-२ ला रंगद्रव्य जोडायचं असेल किंवा मास स्पेक्ट्रोमीटरवर पाहायचं असेल तर बीएसए नको. तेव्हा साठा मिलीमागे १ मिलीग्रॅमच्या आसपास दाट ठेवा.

पहिली पंधरा मिनिटं

उदाहरणाला ५० मायक्रोग्रॅमची व्हायल घेऊ, विशिष्ट क्रियाशीलता मिलीग्रॅममागे १ कोटी आययू. म्हणजे व्हायलमध्ये ५ लाख आययू.

१. फ्रीझरमधून काढून, न उघडता, साध्या तापमानाला १५ ते २० मिनिटं ठेवा. थंड व्हायल उघडली की हवेतली वाफ आत थिजते.

२. मायक्रोसेंट्रिफ्यूजमध्ये २० ते ३० सेकंद फिरवा. ५० मायक्रोग्रॅम पावडर डोळ्यांना दिसतही नाही. प्रवासात ती झाकणाला चिकटलेली असू शकते आणि झाकण उघडताना अर्धा माल उडून जातो. व्हायल रिकामी दिसली म्हणून तक्रार करण्याआधी हे आठवा.

३. लॅमिनार हूडमध्ये झाकण अल्कोहोलनं पुसून उघडा. ५०० मायक्रोलिटर द्रव भिंतीवरून हळू सोडा, आतल्या सगळ्या भिंती आणि झाकणाची आतली बाजू ओली होईल असा.

४. झाकण लावून व्हायल आडवी-उभी करत हलकेच फिरवा आणि साध्या तापमानाला १० ते १५ मिनिटं ठेवा. व्होर्टेक्स नाही, पिपेटनं जोरात वर-खाली नाही. हवा आणि पाण्याच्या सीमेवर प्रथिनं उलगडतात. फेस म्हणजे अशा सीमांचा ढीगच.

५. उजेडासमोर धरून पाहा. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ हवं. धूसर दिसलं किंवा तंतू तरंगताना दिसले तर गोळे झालेत. ते पुन्हा फिरवून विरघळत नाहीत.

आता साठा मिलीमागे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १० लाख आययू. यातले २०-२० मायक्रोलिटर प्रथिन कमी चिकटणाऱ्या पॉलिप्रॉपिलीन नळ्यांत भरा. साधारण २४ नळ्या होतात, प्रत्येकीत २०,००० आययू. नळीवर नाव, लॉट, आययू प्रति मिली आणि तारीख लिहा. नुसतं 'आयएल-२' लिहिलेली नळी सहा महिन्यांनी कुणाच्याच कामाची नसते. उणे ८० अंशांत ठेवा. कॅरियरसह असा साठा साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो. नक्की मुदत डेटाशीटवरची धरा. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवायची नाही.

वापराचा साठा करायला एका नळीत १८० मायक्रोलिटर मीडिया, १० टक्के सीरमसह, घाला. आता मिलीमागे १ लाख आययू झाले आणि १ मायक्रोलिटरमध्ये १०० आययू. मिलीमागे १०० आययू हवे असतील तर जितके मिली कल्चर तितके मायक्रोलिटर साठा, एवढं सोपं गणित. ही नळी २ ते ८ अंशांत ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. मूळ साठ्यातून थेट अर्धा मायक्रोलिटर घेण्याच्या फंदात पडू नका. त्या मात्रेला पिपेट निम्म्यानंही चुकू शकते.

आम्लाची चिंता वाटत असेल तर मोजून पाहा. मूळ साठ्यातलं १०० मिलिमोलर आम्ल आधी दहापट, मग कल्चरमध्ये हजारपट पातळ होतं. उरतं १० मायक्रोमोलर. आरपीएमआय-१६४० मीडियात सुमारे २४ मिलिमोलर बायकार्बोनेट असतं, त्याला ते जाणवतसुद्धा नाही. तरी नियंत्रण विहिरीत (कल्चर प्लेटमधल्या तुलनेच्या खळग्यात) आयएल-२ शिवायचा तोच आम्ल-बीएसए द्रव तेवढाच घाला. काही फरक दिसला तर तो कशाचा, हे मग वादाचं राहत नाही.

एककांचा घोळ

जुन्या शोधनिबंधात 'मिलीमागे २० युनिट' असं वाचलंत तर आधी कोणतं युनिट ते शोधा. १ सीटस युनिट (सीटस कंपनीचं जुनं एकक) म्हणजे सुमारे ६ आंतरराष्ट्रीय एकके, म्हणजे ते २० प्रत्यक्षात १२० आययू असू शकतात. मानवी आयएल-२ साठी जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण द्रव्य आहे, क्रमांक ८६/५००, अँप्युलमध्ये २१० आययू. त्याच्याशी तुलना करून काढलेलं एकक तेवढंच खरं आययू.

अनेक डेटाशीटवर मात्र आकडा वेगळ्या पद्धतीनं काढतात. पेशींची कमाल वाढीच्या निम्मी वाढ घडवणारी सांद्रता, ईडी५०, नॅनोग्रॅम प्रति मिलीमध्ये मोजायची आणि १० लाखाला तिनं भागायचं. ईडी५० ०.१ असेल तर उत्तर मिलीग्रॅममागे १ कोटी युनिट. ही युनिट त्या प्रयोगशाळेतल्या पेशींवर, त्या दिवशीच्या परिस्थितीत मोजलेली असतात. आययूशी ती जुळतीलच असं नाही. अल्डेसल्युकिनचा लेबलवरचा हिशोब १.१ मिलीग्रॅम म्हणजे १ कोटी ८० लाख आययू असा आहे, मिलीग्रॅममागे १.६ कोटीच्या वर. म्हणून दोन ब्रँडमध्ये 'मिलीमागे १० नॅनोग्रॅम' सारखं ठेवलं तरी क्रिया सारखी राहत नाही. वहीत नॅनोग्रॅम आणि आययू दोन्ही लिहा, आणि आययू कशावरून काढले तेही.

रक्तापासून टी पेशींपर्यंत

मानवी रक्तासाठी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आणि दात्याची लेखी संमती लागते. तपासलेलं असो वा नसो, प्रत्येक नमुना संसर्गजन्य समजून दुसऱ्या पातळीच्या जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये हाताळा.

२० मिली हेपरिनयुक्त रक्तात २० मिली पीबीएस (फॉस्फेट बफर सलाइन) मिसळा. ५० मिलीच्या दोन नळ्यांत प्रत्येकी १५ मिली फायकॉल (रक्तपेशी थरांत वेगळ्या करणारा दाट द्रव), घनता १.०७७, घ्या आणि त्यावर २० मिली पातळ रक्त नळी तिरकी धरून अलगद सोडा. दोन थर मिसळले तर पुढची मेहनत फुकट. २० अंशांना, ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला की थांबतानाच्या झटक्यानं पांढरा थर विस्कटतो. फायकॉल फ्रीजमधून थेट वापरलं तर त्याची घनता बदललेली असते आणि लाल पेशी वर राहतात.

मधला ढगासारखा थर उचलून पीबीएसनं धुवा, ३०० जी १० मिनिटं. दुसरी धुलाई २०० जीला करा, म्हणजे प्लेटलेट वरच्या द्रवात राहून निघून जातात. रक्ताच्या मिलीमागे १० ते २० लाख पीबीएमसी (टी पेशी ज्यात असतात त्या रक्तातल्या एककेंद्रकी पेशी) मिळतात, म्हणजे या नमुन्यातून २ ते ४ कोटी.

मीडिया: आरपीएमआय-१६४०, १० टक्के फीटल बोव्हाइन सीरम जे ५६ अंशांना ३० मिनिटं तापवलेलं आहे, २ मिलिमोलर ग्लुटामिन, पेनिसिलिन १०० युनिट आणि स्ट्रेप्टोमायसिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. सीरमच्या लॉटचा परिणाम आयएल-२ च्या लॉटपेक्षा मोठा असू शकतो. प्रकल्प लांबचा असेल तर दोन-तीन लॉटचे नमुने तपासा आणि पसंत पडलेला एकदम विकत घेऊन ठेवा.

चेतवणं आणि वाढवणं

आदल्या संध्याकाळी २४ विहिरींच्या प्लेटमध्ये सीडी३ विरोधी प्रतिपिंड, ओकेटी३, पीबीएसमध्ये मिलीमागे १ ते ५ मायक्रोग्रॅम करून प्रत्येक विहिरीत २५० मायक्रोलिटर घाला. रात्रभर ४ अंशांत ठेवा, किंवा घाई असेल तर ३७ अंशांना दोन तास. वापरण्याआधी पीबीएसनं दोनदा धुवा, पण विहीर कोरडी पडू देऊ नका. प्रतिपिंड सोडियम अझाइड नसलेलंच हवं. अझाइड पेशींचा श्वास बंद करतं, आणि फ्लो सायटोमेट्रीसाठी घेतलेली बाटली कल्चरला वापरल्यानं मेलेल्या प्लेट थोड्या नसतात.

शून्य दिवशी मिलीमागे १० लाख पेशी, विहिरीत १ मिली, आणि सीडी२८ विरोधी प्रतिपिंड मिलीमागे १ मायक्रोग्रॅम. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. आयएल-२ त्याच दिवशी घाला किंवा दुसऱ्या दिवशी, दोन्ही रीती प्रचलित आहेत. एक निवडा आणि संपूर्ण प्रकल्पात तीच ठेवा. प्रतिपिंडांऐवजी सीडी३/सीडी२८ मणी वापरत असाल तर पेशीमागे एक मणी.

२४ ते ४८ तासांत सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या घोसासारखे गुच्छ दिसायला हवेत. ते नसतील तर चेतवणंच बिघडलं आहे आणि आयएल-२ वाढवून काही साधणार नाही. पहिले दोन-तीन दिवस एकूण संख्या वाढत नाही, उलट किंचित घटते. मोनोसाइट तळाला चिकटतात, बी पेशी मरतात. इथं धीर धरा.

तिसऱ्या दिवशी गुच्छ पिपेटनं हलकेच सोडवा, पेशी कोऱ्या विहिरीत किंवा फ्लास्कमध्ये न्या, ट्रिपॅन ब्लूनं (मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या रंगानं) मोजा आणि मिलीमागे ५ लाख करा. मणी असतील तर चुंबकानं काढा. पुढे दर दोन दिवसांनी मोजणी. पेशी मिलीमागे ५ लाख ते २० लाख यांच्यामध्ये ठेवायच्या.

नवा मीडिया घालताना आयएल-२ किती घालायचं, इथं पुष्कळांचं चुकतं. १० मिली कल्चरमध्ये १० मिली ताजा मीडिया घातला तर आयएल-२ एकूण २० मिलीसाठी घाला, म्हणजे वापराच्या साठ्यातले २० मायक्रोलिटर. वाढत्या टी पेशी आयएल-२ रिसेप्टरसकट आत ओढून पचवतात. दोन दिवसांनंतर जुन्या मीडियात फारसं काही उरलेलं नसतं. फक्त नव्या १० मिलीपुरतं घातलं तर मात्रा प्रत्येक वेळी निम्म्यावर येते आणि आठव्या दिवसापासून पेशी का मरतात हे कळत नाही.

मीडिया पिवळा पडला म्हणून मोजणी न करता नुसता बदलू नका. पिवळेपणा म्हणजे लॅक्टिक आम्ल, बहुधा पेशी दाट झाल्यात. उलट फार विरळ ठेवल्या तरी त्या मंदावतात. टी पेशींना शेजार लागतो.

दहाव्या-बाराव्या दिवसाकडे पेशी लहान, गोल होऊ लागतात आणि वाढ मंदावते. हे नैसर्गिक आहे. पहिल्या चेतवण्याचा जोर ओसरला, सीडी२५ कमी झालं. आयएल-२ दुप्पट करणं हा इथला उपाय नाही, पुन्हा चेतवावं लागतं. स्मृतिपेशींसारख्या, जास्त काळ तग धरणाऱ्या टी पेशी हव्या असतील तर सुरुवातीपासूनच आयएल-२ ऐवजी आयएल-७ आणि आयएल-१५, प्रत्येकी मिलीमागे ५ ते १० नॅनोग्रॅम, हा पर्याय तपासा. कार-टी या कर्करोगावरच्या उपचारात रुग्णाच्या जनुकीय बदल केलेल्या टी पेशी शरीराबाहेर अशाच सायटोकाइनवर, म्हणजे पेशींना संदेश देणाऱ्या प्रथिनांवर, वाढवतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ या भारतातल्या पहिल्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. वाढवण्याच्या टप्प्यावर कोणतं सायटोकाइन निवडलं यावर पेशी शरीरात परतल्यावर किती टिकतील हे बरंचसं ठरतं, म्हणून ही निवड सवयीवर सोडू नये.

प्रत्येक प्रयोगात दोन विहिरी न चुकता ठेवा: चेतवलेल्या पण आयएल-२ नाही, आणि आयएल-२ आहे पण न चेतवलेल्या. पहिलीकडे पाहताना हे ध्यानात असू द्या की चेतवलेल्या टी पेशी सुरुवातीला स्वतःच आयएल-२ बनवतात. त्यामुळे तीन दिवसांपर्यंत ही विहीर आणि आयएल-२ दिलेली चेतवलेली विहीर यांत फारसा फरक दिसत नाही. चौथ्या दिवसानंतर आयएल-२ नसलेली विहीर मागे पडायला लागते. फरक तेव्हा मोजा.

नवा लॉट तपासायचा कसा

एलायझावर (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणाऱ्या चाचणीवर) विसंबून राहू नका. तिथली प्रतिपिंडं प्रथिनाचा एखादा भाग ओळखतात, उलगडून निकामी झालेला रेणूही मोजणीत येऊ शकतो. क्रिया पेशीच सांगतात.

रूढ चाचणी सीटीएलएल-२ या उंदराच्या टी-पेशी रेषेवर होते. मानवी आयएल-२ उंदराच्या पेशींवर चांगलं चालतं, उलट मात्र नीट होत नाही. या पेशी आयएल-२ शिवाय एक-दोन दिवसांत मरतात, म्हणून सांभाळायला कटकटीच्या, पण मोजमापाला उत्तम. मानवी आयएल-१५ लाही त्या प्रतिसाद देतात हे विसरू नका.

पेशी तीनदा धुवा आणि आयएल-२ शिवाय चार तास ठेवा. धुण्यात कसर राहिली तर शून्य मात्रेची विहीरही वाढते आणि आलेख आडवा येतो. ९६ विहिरींच्या प्लेटच्या कडेच्या विहिरी पीबीएसनं भरा, कारण तिथलं बाष्पीभवन आकडे फिरवतं. आतल्या एका ओळीत दहा विहिरी मिळतात. मिलीमागे १०० आययूपासून निम्म्या-निम्म्यानं नऊ पायऱ्या करा, दहावी आयएल-२ शिवाय, प्रत्येकी ५० मायक्रोलिटर. प्रत्येक पायरीला टिप बदला. प्रथिन टिपेलाही चिकटतं आणि तीच टिप पुढे नेली तर खालच्या पायऱ्या खोट्या जास्त येतात. वरून मिलीमागे २ लाख पेशींचे ५० मायक्रोलिटर, म्हणजे विहिरीत १०,००० पेशी आणि अंतिम वरची मात्रा ५० आययू. २४ तासांनी रेझाझुरिन (जिवंत पेशींमुळे चमकू लागणारा रंग), मिलीमागे ०.१५ मिलीग्रॅमचे २० मायक्रोलिटर, घाला. १ ते ४ तासांनी ५६०/५९० नॅनोमीटरवर प्रकाश मोजा. प्रत्येक लॉट तीन-तीन ओळींत, जुना लॉट किंवा प्रमाण द्रव्य त्याच प्लेटवर. दोन वेगळ्या दिवशीच्या ईडी५० ची थेट तुलना करू नका. दोन्ही वक्र समांतर नसतील तर एकाच आकड्यात उत्तर देता येत नाही, तिथं बहुधा गोळे झालेलं प्रथिन असतं.

सीटीएलएल-२ नसेल आणि फ्लो सायटोमीटर असेल तर एका दिवसात होणारी तपासणी आहे. आयएल-२ पकडल्यावर पेशीत स्टॅट५ या प्रथिनाच्या ६९४ व्या टायरोसिनवर फॉस्फेट बसतो, तो मोजायचा. आठ-दहा दिवसांच्या वाढलेल्या टी पेशी धुऊन रात्रभर आयएल-२ शिवाय ठेवा. जुन्या आणि नव्या लॉटचे ०, ०.१, १, १०, १०० आणि १००० आययू प्रति मिली असे संच करून ३७ अंशांना बरोबर १५ मिनिटं द्या. लगेच पॅराफॉर्मल्डिहाइड, अंतिम १.६ टक्के, १० मिनिटं. धुवा, मग बर्फावर ९० टक्के थंड मिथेनॉल, ३० मिनिटं. दोनदा धुऊन प्रतिपिंड लावा. पृष्ठभागावरच्या खुणांसाठी फायकोएरिथ्रिनसारखी रंगद्रव्यं मिथेनॉलच्या आधी लावली तर ती नष्ट होतात, म्हणून नंतर लावा किंवा मिथेनॉल सोसणारी निवडा.

वरच्या मात्रांना दोन्ही लॉट सारखेच दिसतील, कारण तिथं रिसेप्टर भरून गेलेले असतात. पाहायचं ते ०.१ ते १० च्या पट्ट्यात. नवा लॉट तिथं एका पायरीनं मागे असेल तर त्याच व्हायलची न उघडलेली दुसरी नळी वितळवून पुन्हा करा. दुसरी नळी ठीक निघाली तर दोष पहिल्या नळीच्या हाताळणीत होता. दोन्ही सारख्याच मागे असतील तर विरघळवतानाची नोंद काढा: सेंट्रिफ्यूज केलं होतं का, कोणता द्रव वापरला, किती मायक्रोलिटर घातले. तिथंही सगळं बरोबर असेल तर त्याच लॉटची न उघडलेली व्हायल घेऊन, जुना लॉट शेजारी ठेवून, हीच चाचणी करा आणि आकडे उत्पादकाला पाठवा.